खिसा-पाकीट : दुसरं कार्ड मिळेल का हो?

मंडळी, आज आधी एक कबुली. दर आठवड्याला या पानावर तुम्हाला पैशाच्या चार शहाण्या गोष्टी सांगणाऱ्या तुमच्या या मैत्रिणीला गेल्या वर्षी नऊ दिवसांत तीन बँकांनी नकार दिला. कर्जासाठी नाही हो, साध्या क्रेडिट कार्डासाठी. तेही दुसऱ्या!

झालं असं. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी रात्री माझा लॅपटॉप गेला. गेला म्हणजे अगदी गेलाच. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि परत झाकण लावलं. फ्रीलान्सरचा लॅपटॉप जाणं म्हणजे रिक्षावाल्याची रिक्षा जाणं. नवा घ्यायचा तर ५० हजार हवेत. हाताशी एकच क्रेडिट कार्ड, नोकरीत असताना घेतलेलं, लिमिट ६० हजार. त्यातले ४७ हजार आधीच वापरलेले. उधळपट्टी नव्हती. क्लाएंटचे पैसे साठ-साठ दिवसांनी येतात आणि किराणावाला, घरमालक, लाइट बिल यांना साठ दिवस थांबायची सवय नाही, म्हणून मधली सगळी गाडी कार्डावर चालायची.

मग काय, दुसरं कार्ड! शनिवारी मॉलमध्ये एस्कलेटरच्या शेजारी टाय लावलेला एक मुलगा स्टॉल मांडून उभाच होता. ‘मॅडम, तुमचं तर लगेच होईल. आधीचं कार्ड आहे ना? मग झालंच. वर ही ट्रॅव्हल बॅग फ्री.’ मी सही केली. बॅगसुद्धा मनातल्या मनात गोव्याला नेऊन आणली. सोमवारी मेसेज आला : आपला अर्ज मंजूर करता येत नाही. मी चिडले. मंगळवारी रागारागात दुसऱ्या बँकेच्या ॲपवर अर्ज टाकला. नकार. पुढच्या रविवारी तिसरी बँक. चार मिनिटांत नकार! माणसाने निदान चहा तरी पिऊन नकार द्यावा.

तेव्हा मला वाटत होतं की ही नाही तर ती, पाच-पंचवीस बँका आहेत, कुणीतरी हो म्हणेलच. खरी गोष्ट उलटी होती. प्रत्येक अर्जागणिक मी माझी शक्यता स्वतःच्या हाताने कमी करत होते. म्हणून आजचा विषय हाच : दुसऱ्या कार्डासाठी अर्ज करण्याआधी ते मिळणार की नाही, याचा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो का? येतो. बराचसा येतो. आणि तोही फुकट.

पहिल्याचं काय केलंस, ते सांग

माझी कॉलेजातली एक मैत्रीण एका खासगी बँकेत कार्डांचे अर्ज तपासते. तिसऱ्या नकारानंतर मी तिला कर्वे रोडवर कॉफीला गाठलं आणि तासभर रडगाणं गायलं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली : ‘पहिल्या कार्डाच्या वेळी आम्ही तुझा पगार बघतो. दुसऱ्याच्या वेळी तू पहिल्याचं काय केलंस ते बघतो.’

फंडा एवढाच आहे, बॉस! आपण अर्ज भरताना पगाराच्या रकान्यात अभिमानाने आकडा टाकतो आणि वाटतं की काम झालं. पण समोरच्याकडे आपली पत्रिका आधीच पोचलेली असते. त्या पत्रिकेचं नाव क्रेडिट रिपोर्ट. देशात हे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यातली सिबिल सगळ्यात जुनी, २००० सालची, म्हणून आपण सरसकट सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हणतो. जसं सगळ्या फोटोकॉपीला झेरॉक्स. तुमचं कार्ड, बाइकचं कर्ज, शिक्षणाचं कर्ज, मोबाइलचे हप्ते, सगळ्याची खबर तुमच्या बँका आणि फायनान्स कंपन्या इथे पोचवत असतात. आधी ही खबर महिन्यातून एकदा जायची. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला गेलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आला.

या सगळ्याचं सार म्हणजे ३०० ते ९०० मधला एक आकडा, स्कोअर. साधारण ७५० च्या वर असलात की बरं मानतात. पण हा काही कायदा नाही. प्रत्येक बँकेची आपापली चाळणी असते. ७८० वाल्याला नकार मिळतो आणि ७२० वाल्याला कार्ड मिळतं, असंही होतं. त्यामुळे नुसता आकडा बघून नाचू नका आणि रडूही नका. आकड्याच्या मागचा रिपोर्ट वाचा. दहावीत टक्के महत्त्वाचे होतेच, पण गणितात किती पडले ते आई वेगळं विचारायचीच ना!

३१२ रुपयांची गोष्ट

हा रिपोर्ट मिळवायचा कसा? चारही कंपन्यांनी प्रत्येक माणसाला कॅलेंडर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट दिला पाहिजे. २०१७ पासून हा नियम आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट मोफत, दर तीन महिन्यांनी एक मागवलात तरी चालेल. कंपनीच्या साइटवर जायचं, पॅन आणि मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी टाकायचा. वर्षभराच्या पॅकेजच्या जाहिराती दिसतील, तिकडे दुर्लक्ष करून फुकटवाला पर्याय शोधायचा. आणि हो, आपला रिपोर्ट आपण बघितला तर स्कोअर कमी होत नाही. ऑफिसात हा गैरसमज फार आहे. दुसऱ्याने, म्हणजे बँकेने, तुमच्या अर्जावरून बघितला की त्याची ‘एन्क्वायरी’ म्हणून नोंद होते. आपण आरशात बघितलं तर चेहऱ्याला काही होत नाही!

मी त्या रात्री पहिल्यांदा माझा रिपोर्ट उघडला. रूममेटचा लॅपटॉप उसना घेऊन. दुसऱ्याच पानावर एक अनोळखी खातं. तारीख दोन वर्षांपूर्वीची. बघते तर काय, एका शॉपिंग ॲपवर कुर्ता घेताना ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ असं बटण होतं, ते मी दाबलं होतं. मला वाटलं होतं, ही दुकानदाराची उधारी. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं रीतसर कर्ज होतं. त्यातले ३१२ रुपये राहिले होते. मग मी मोबाइल नंबर बदलला आणि त्यांचे मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले. रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्यासमोर छत्तीस महिन्यांपर्यंतची एक चौकट असते. दर महिन्याला एक आकडा, किती दिवस उशीर झाला त्याचा. वेळेवर भरलं तर ०००. माझ्या कार्डासमोर सगळीकडे छान शून्यं होती. कुर्त्यासमोर मात्र आकडा महिन्यागणिक वाढत गेला होता. पगारी नोकरीत चार वर्षं एक बिल चुकवलं नाही मी. आणि बँकेला काय दिसत होतं? दोन वर्षं पैसे बुडवणारी बाई!

३१२ रुपये. आमच्या गल्लीतल्या दोन मिसळींचे पैसे, ताकासकट.

तेव्हा मंडळी, ‘माझ्यावर काही कर्जच नाही’ असं छातीठोकपणे म्हणू नका. ॲपवरच्या चिल्लर उधाऱ्या, मित्राच्या कर्जाला दिलेली जामीनकी, दादाच्या गृहकर्जात सहअर्जदार म्हणून केलेली सही, हे सगळं तुमच्या पत्रिकेत ग्रह बनून बसलेलं असू शकतं.

सात प्रश्न, सात मार्क

मैत्रिणीशी बोलून, नियम वाचून आणि स्वतः आपटून मी सात प्रश्न काढलेत. ‘हो’ला एक मार्क. ‘नाही’ला शून्य. ‘तसं बघायला गेलं तर हो’ यालाही शून्यच! ही चाचणी माझी आहे, बँकेची नव्हे. पण बँकेचं डोकं साधारण याच वाटेने चालतं.

१. पहिलं कार्ड वर्षाचं झालंय का? दोन-तीन महिन्यांच्या कार्डावरून कुणाला काय कळणार? सहा महिने म्हणजे जेमतेम, वर्ष झालं की तुमची सवय दिसायला लागते.

२. गेल्या वर्षभरात कुठलंही बिल, कुठलाही हप्ता चुकलेला नाही ना? कार्डाच्या बाबतीत नियम थोडा दयाळू आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच बँकेने ती थकबाकी म्हणून कळवायची आणि लेट फी लावायची, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सांगितलंय. पण ही सोय इमर्जन्सीची. रोज उठून सिग्नल पिवळा असताना गाडी काढायची नसते. या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर बाकीच्या सहा मार्कांना फार अर्थ नाही. आणि रिपोर्टमध्ये कुठल्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ लिहिलेलं असेल तर खुश होऊ नका. त्याचा अर्थ ‘मिटलं’ असा नसून ‘पूर्ण पैसे न देता तडजोड केली’ असा होतो. आपल्याला हवा असतो तो शब्द ‘क्लोज्ड’.

३. कार्डावरची बाकी लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत आहे का? हा आकडा कुठल्या कायद्यातला नाही, पण सगळीकडे अंगठ्याचा नियम म्हणून चालतो. लिमिट ५० हजार असेल तर १५ हजारांपर्यंत ठीक. इथे एक गोम आहे. तुम्ही दर महिन्याला पूर्ण बिल भरत असाल, तरी बँक ज्या दिवशीची माहिती पाठवते, त्या दिवशी जी बाकी असेल तीच रिपोर्टमध्ये दिसते. म्हणजे ४२ हजार खर्च करून पाच तारखेला सगळे भरलेत, पण माहिती गेली महिनाअखेरची, तर दिसणार ८४ टक्के वापर. उपाय सोपा आहे : अर्ज करायच्या आधीचे दोन-तीन महिने बिलाची वाट न बघता मध्येच पैसे भरून बाकी खाली आणा.

४. सगळे हप्ते मिळून हातात पडणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत आहेत का? समजा हातात ४५ हजार येतात. बाइकचे साडेचार, शिक्षणाच्या कर्जाचे नऊ, फोनचे तीन, झाले साडेसोळा हजार. म्हणजे जवळजवळ ३७ टक्के. अजून आत आहात, पण दारात उभे आहात. काही बँका कार्डावरच्या बाकीचे पाच टक्केही हप्ता म्हणूनच धरतात. आणि घरभाडं रिपोर्टमध्ये दिसत नसलं तरी ते तुम्हाला दिसतं ना?

५. गेल्या सहा महिन्यांत कार्डासाठी किंवा कर्जासाठी दुसरीकडे अर्ज केलेला नाही ना? रिपोर्टमध्ये ‘नकार मिळाला’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. पण अमुक तारखेला अमुक बँकेने चौकशी केली, हे लिहिलेलं असतं. पुढची बँक बघते : चौकशा तीन, नवीन खातं एकही नाही. न सांगता समजतं! माझ्या तिसऱ्या बँकेला चार मिनिटं का पुरली, ते आता मला कळतंय.

६. कमाईचा कागद भक्कम आहे का? पगारदारांसाठी त्याच नोकरीत निदान सहा महिने, सॅलरी स्लिप, खात्यात दर महिन्याला जमा होणारा पगार. आम्हा फ्रीलान्सर लोकांसाठी आयकराची रिटर्न्स, आणि ती साधारण दोन वर्षांची मागतात. क्लाएंट कितीही मोठा असू द्या, रिटर्नमध्ये दिसला नाही तर तो नाहीच. शिवाय पॅनवरचं, आधारवरचं आणि बँकेतलं नाव-पत्ता जुळायला हवा. लग्नानंतर एका कागदावर नाव बदललं आणि दुसऱ्यावर राहिलं, भाड्याचं घर बदललं आणि पत्ता जुनाच राहिला, अशा फालतू कारणांनीही अर्ज अडकतो.

७. तुम्ही स्वतः तुमचा रिपोर्ट वाचलाय का, आणि त्यात अनोळखी काही नाही ना? न वाचता ‘हो’ म्हटलंत तर उणे एक!

सहा-सात मार्क : बिनधास्त अर्ज करा, पण एकाच ठिकाणी. चार-पाच : तीन ते सहा महिने थांबा, एकेक ‘नाही’ दुरुस्त करा. तीन किंवा कमी : कियॉस्कवाला कितीही गोड हसला तरी पुढे चालू लागा.

माझे मार्क? मॉलमधल्या त्या शनिवारी सातपैकी तीन. पहिला, चौथा आणि पाचवा. नोकरी सोडून सव्वा वर्ष झालेलं, फ्रीलान्सिंगचं एकच रिटर्न, कार्ड ७८ टक्के भरलेलं, वर कुर्ता. पुढच्या रविवारपर्यंत पाचवाही गेला. उरले दोन. अशा मुलीला मीसुद्धा कार्ड दिलं नसतं.

काळ वाईट की आपण?

‘पण माझ्या टीम लीडला तर दोन वर्षांपूर्वी लगेच मिळालं होतं!’ असं कुणीतरी म्हणणारच. त्यालाही कारण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांबद्दल बँकांचे कान उपटले. कार्डावरच्या उधारीचं जोखीम-भारमान १२५ वरून १५० टक्के केलं. सोप्या भाषेत, तुम्हाला कार्डावर तेवढीच उधारी द्यायला बँकेला आता स्वतःचं जास्त भांडवल अडकवावं लागतं. मग बँका हात आखडता घेणारच. शिवाय नवीन कार्डाचं लिमिट ठरवताना तुमच्याकडे इतर बँकांची किती लिमिटं आहेत तेही त्यांनी बघितलं पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे तुमचं पहिलं कार्ड हे एका बाजूने शिफारसपत्र आणि दुसऱ्या बाजूने ओझं.

यातून तीन व्यावहारिक गोष्टी. एक, ‘प्री-अप्रूव्ह्ड’ लिहिलेला मेसेज म्हणजे मंजुरी नव्हे. अर्ज केल्यावर तपासणी होतेच. तरी तुमचा पगार जिथे जमा होतो त्या बँकेची ऑफर असेल तर शक्यता नक्की जास्त, कारण तुमचा हिशोब तिच्या डोळ्यांसमोर असतो. दोन, त्याच बँकेचं दुसरं कार्ड घेत असाल तर आधी विचारा : लिमिट वेगळं की दोन्हींत मिळून एकच? बऱ्याचदा ते एकच असतं. मग पाकिटात प्लास्टिक दोन, पैसा तेवढाच. त्यापेक्षा आहे त्या कार्डाचं लिमिट वाढवून मागितलेलं काय वाईट? तीन, मार्क कमी आहेत पण कार्ड हवंच आहे, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. ठेव बँकेकडे राहते, तिच्या बऱ्याचशा रकमेइतकं लिमिट मिळतं, आणि वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद रिपोर्टमध्ये इतर कार्डांसारखीच होते. सॅलरी स्लिप नसलेल्या आमच्या जमातीसाठी ही सगळ्यात सोपी वाट.

नकार आला तर

आधी शांत बसा. माझ्यासारखं मंगळवारी रागारागात ॲप उघडू नका. मग बँकेला लेखी कारण विचारा. कार्डाचा अर्ज नाकारला तर त्याची कारणं लेखी कळवणं कार्ड देणाऱ्यावर बंधनकारक आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही. मग रिपोर्ट काढा. चूक दिसली तर त्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करा, आणि ज्या बँकेने चुकीची माहिती दिली तिलाही कळवा. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे. एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू झाला. तेव्हापासूनच तुमचा रिपोर्ट कुणी काढला की त्याचा एसएमएस किंवा ईमेलही यायला हवा. म्हणून आपला आत्ताचा नंबर रिपोर्टमध्ये आहे ना, ते बघा. (मला हे कोण सांगणार होतं? जुना नंबर!)

आणि चूक नसेल, खरंच थकलं असेल, तर भरून टाका आणि खातं बंद झाल्याचं पत्र घ्या. मी ३१२ रुपये आणि त्यावरचा दंड भरला. पत्र यायला तीन आठवडे आणि अकरा फोन लागले. उशिराची ती चौकट लगेच पुसली जात नाही. पण खातं ‘क्लोज्ड’ दिसायला लागतं आणि जुने महिने हळूहळू मागे सरकतात. इथे जादू नाही, वाट बघणं आहे. ‘आठवड्यात स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांना दुरूनच नमस्कार.

आठवा प्रश्न

इथपर्यंत लिहून मी हा लेख रूममेटला वाचायला दिला. ती हिंजवडीत आयटीत आहे. तिने पटापट मार्क मोजले. कार्ड तीन वर्षांचं, एकही तारीख चुकलेली नाही, हातात ६२ हजार, हप्ते आत, चौकशी शून्य, कागद चोख. रिपोर्ट आम्ही दोघींनी मिळून वाचला. फक्त तिसरा प्रश्न चुकला : १ लाख २० हजारांच्या लिमिटवर ८५ हजार बाकी. सातपैकी सहा! ‘म्हणजे मला मिळणार!’ ती म्हणाली.

मिळालंही असतं. म्हणूनच मी विचारलं, ‘तुला कशाला हवंय गं?’

ती जरा वेळ गप्प बसली. मग बाहेर आलं. पाच महिने ती फक्त किमान रक्कम भरत होती. तारीख चुकत नव्हती, त्यामुळे रिपोर्टमध्ये सगळी शून्यं. पण बाकी हलत नव्हती. दुसरं कार्ड घेऊन पहिल्याचं थोडं ओझं तिकडे सरकवावं, असा बेत होता.

आम्ही कागद घेऊन बसलो. ८५ हजारांवर महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे २,९७५ रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, साधारण ५३६. झाले ३,५११. तिची किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ४,२५०. दर महिन्याला सव्वाचार हजार भरून मूळ उधारी उतरत होती साधारण ७३९ रुपयांनी. आणि त्यात महिन्याभरात एखादी पार्टी, एखादी चप्पल आली की तेही गेलं. वर्षाचा दर काढला तर साडेतीन गुणिले बारा, ४२ टक्के!

मंडळी, हाच तो आठवा प्रश्न, जो बँक विचारत नाही. आपण परत करू शकू का, एवढंच ती तिच्या बाजूने बघते. आणि परत करायला आपल्याला दहा वर्षं लागली, तर तिचं काही बिघडत नाही. बँकेने हो म्हणणं म्हणजे आपल्याला परवडतं याचं सर्टिफिकेट नव्हे. दुसरं कार्ड पेट्रोलवर सूट मिळते म्हणून हवंय, एक बंद पडलं तर हाताशी असावं म्हणून हवंय, ऑफिसचा खर्च वेगळा ठेवायचाय, सगळं मान्य. पण पहिल्याचं बिल भरायला हवं असेल, तर सातपैकी सात मिळूनही उत्तर ‘नको’.

रूममेटने अर्ज केला नाही. बँकेला फोन करून ८५ हजारांचे ठरलेले हप्ते करून घेतले. व्याजाचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. कार्ड आता कपाटात, साड्यांच्या खाली. साड्या ती वर्षातून दोनदा नेसते, त्यामुळे जागा सुरक्षित आहे.

आणि माझा लॅपटॉप? तो बाबांनी घेऊन दिला. नाशिकला फोन करताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सत्ताविसाव्या वर्षी बापाकडे पैसे! ते फक्त म्हणाले, ‘देतो. पण हप्ते आत्ताच ठरव.’ पाच-पाच हजारांचे दहा हप्ते ठरले. एकदा दोन दिवस उशीर झाला, तर आईचा फोन आला, ‘बाबा विचारतायत, तब्येत बरी आहे ना?’ कुठल्याही रिकव्हरी एजंटला जमणार नाही असा फोन. जूनमध्ये शेवटचा हप्ता दिला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख फेडलेलं कर्ज, आणि त्याची कुठल्याही रिपोर्टमध्ये नोंद नाही!

गेल्या महिन्यात दुसरं रिटर्न भरलं. कार्डाची बाकी ३० टक्क्यांच्या खाली आणली, कारण आता नव्या क्लाएंटकडून निम्मे पैसे आधी मागते. दोन जण त्यावरून सोडून गेले, बाकीचे देतात. मग सात प्रश्न पुन्हा सोडवले, सातपैकी सात पडले, आणि एकाच बँकेत एकच अर्ज केला. चार दिवसांत मंजूर. लिमिट ७५ हजार.

लिफाफा टेबलावर आहे. अजून उघडलेला नाही. तीस दिवसांत कार्ड सुरू केलं नाही, तर बँकेने ओटीपीने माझी संमती विचारायची, आणि मी ती दिली नाही, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते फुकट बंद करायचं, असा नियमच आहे. म्हणजे आठव्या प्रश्नाचं उत्तर शोधायला माझ्याकडे अजून तीन आठवडे आहेत. बँक हो म्हणाली. आता मी काय म्हणते, ते बघायचं.

तुम्ही तोवर आपापला रिपोर्ट काढा. कुठेतरी एखादा कुर्ता लपलेला असेल!

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर, खिसा सांभाळा!